क्रूझची शेवटची रात्र आणि औषधांची पिशवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की आपल्या वृत्तपत्रात परदेश सहलींच्या जाहिराती येऊ लागतात आणि अलीकडे त्यांत अलास्काच्या क्रूझला मानाचे स्थान असते. मुलगा किंवा मुलगी सिएटलच्या परिसरात नोकरीला असलेली कितीतरी मराठी कुटुंबे आज आहेत. मुलांकडे गेलेले आईवडील तिथूनच बोटीने अलास्का पाहून येतात, तर काही जण इथूनच एखाद्या सहलसंस्थेबरोबर जातात. गेल्या वर्षी माझे पती आणि मी अशाच एका संस्थेच्या गटातून जाऊन आलो. हिमनद्या, देवमासे, जुनो आणि केचिकन ही गावे यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते बोटीवरच्या शेवटच्या रात्रीविषयी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीतून उतरण्याविषयी, कारण निघण्यापूर्वी झालेल्या दोन तासांच्या बैठकीत या विषयावर कोणी एक वाक्यही बोलले नव्हते.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी आधी पद्धत सांगते. शेवटच्या दिवशी प्रत्येक केबिनमध्ये रंगीत, क्रमांक घातलेले कागदी टॅग येतात. ते मोठ्या बॅगांना बांधून बॅगा रात्री ठरलेल्या वेळेच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. आमच्या बोटीवर ही वेळ दहाची होती. रात्रभर कर्मचारी त्या बॅगा गोळा करून खालच्या मजल्यावर नेतात, बोट धक्क्याला लागल्यावर त्या उतरवल्या जातात आणि टर्मिनलच्या दालनात रंग व क्रमांकांनुसार मांडून ठेवल्या जातात. प्रवाशांनाही त्याच क्रमाने खाली सोडतात. हजारो माणसे आणि त्यांचे सामान दोन-तीन तासांत उतरवायचे आणि त्याच दुपारी नवे प्रवासी चढवायचे, म्हणजे याहून वेगळी व्यवस्था असणे अवघडच आहे, आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र तिचा एक परिणाम प्रत्येकाने आधी समजून घ्यायला हवा. रात्री बाहेर ठेवलेली बॅग दुसऱ्या दिवशी बोटीतून उतरेपर्यंत आपल्या हाती येत नाही, मग तिच्यात काहीही राहिलेले असो.

सिएटलहून सुटणाऱ्या बोटींच्या बाबतीत यात आणखी एक अडचण असते. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यामुळे परदेशी झेंडा लावलेल्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या, बोटीला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन त्याच बंदरात परत यायचे असेल, तर वाटेत एका तरी परदेशी बंदरात थांबावे लागते. म्हणून यांपैकी बऱ्याच बोटी शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातील व्हिक्टोरिया येथे लागतात. (भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना या एका संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसाही काढावा लागतो.) म्हणजे नेमकी ज्या वेळी बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, त्याच वेळी गाव पाहायला उतरायचे असते. आम्ही आठच्या सुमारास उतरलो. जूनमध्ये तिथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीवरचे दिवे लागलेले पाहूनच परतायचे असे गटाने ठरवल्यामुळे बॅगा उतरण्यापूर्वीच भरून दाराबाहेर ठेवल्या होत्या.

माझ्या पतींना गेली बारा वर्षे मधुमेह आहे आणि त्यांना झोपताना इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांचे इन्सुलिनचे पेन, सुया, साखर तपासण्याचे यंत्र आणि रक्तदाबाच्या गोळ्या हे सारे एका निळ्या, चेन असलेल्या पाऊचमध्ये असते. सव्वाअकराला आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळपासून बॅगांनी भरलेला तो लांबलचक मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला होता. त्यांनी रोजच्या सवयीने उशीजवळच्या खणात हात घातला आणि तो खण रिकामा निघाला. निळे पाऊच मीच, घाईत, स्वेटरांच्या घडीत नीट बसवून मोठ्या बॅगेत ठेवले होते. खालच्या रिसेप्शनवर धावत गेलो. तिथल्या मुलीने शांतपणे सगळे ऐकून घेतले, खाली फोन लावला आणि सांगितले की, बॅगा पिंजऱ्यांमध्ये रचून झाल्या आहेत, त्यांतून एक शोधून काढणे रात्री शक्य होणार नाही. तिने आम्हांला बोटीवरच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी साखर तपासली, इन्सुलिन दिले, सकाळी पुन्हा येऊन दाखवायला सांगितले. त्याची फी आमच्या खात्यावर लागली, त्याबद्दलही काही म्हणायचे नाही, कारण वेळेला औषध मिळाले हेच खूप होते. परंतु सात दिवस रमतगमत गेलेल्या प्रवासाची शेवटची रात्र आम्ही दोघांनी जागून काढली, आणि सकाळी टर्मिनलमध्ये जांभळ्या टॅगच्या बॅगांच्या रांगेत आमची बॅग दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चूक माझ्या हातून झाली, हे मी मान्य करते. पण आमच्या बावीस जणांच्या गटात त्या सकाळी मी एकटीच अडचणीत नव्हते. एका गृहस्थांनी पतीपत्नीचे पासपोर्ट ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते. धक्क्यावरच्या तपासणीत कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे असते तसा पासपोर्टही हातात लागतो, त्यामुळे त्यांना बॅग मिळेपर्यंत बाजूला थांबावे लागले. सत्तरीच्या एका बाईंनी सगळे कपडे भरून टाकले होते, सकाळी घालायचा जोडच बाहेर काढून ठेवला नव्हता. पहाटे त्यांच्या शेजारणीने आपला एक सलवार-कमीज त्यांना दिला, म्हणून त्या केबिनबाहेर पडू शकल्या. ही सर्व शिकलेली, नोकऱ्या करून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलेच नाही, एवढेच खरे.

टूर मॅनेजरने त्या दुपारी चार वाजता आम्हांला जमवले होते, पण बोलणे झाले ते व्हिक्टोरियात कुठे भेटायचे आणि विमानतळाची बस किती वाजता आहे यावर. बाकीचे सगळे केबिनमध्ये आलेल्या कागदावर आहे, तो वाचून घ्या, असे तो म्हणाला. तो कागद बारीक टाइपातल्या इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला होता. आम्हांला इंग्रजी वाचता येते, परंतु घाईच्या दिवशी, चष्मा शोधत, बोटीवरच्या अपरिचित शब्दांतून नेमके महत्त्वाचे काय ते वेचून काढणे साठी-सत्तरीच्या माणसाला सोपे नसते. या गटाकडून संस्थेने घेतलेल्या पैशात मराठी बोलणारा माणूस बरोबर देण्याचे आश्वासन होते, आणि त्याची खरी गरज होती ती त्याच दिवशी.

माझी आई लग्नानंतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ल्याला जात असे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला लागत. ती सांगायची की, ट्रंक आणि वळकटी पडावात आपल्या आधी गेली तर एक हात तिच्यावर ठेवूनच बसायचे, नाहीतर ती कोणाच्या दारात जाऊन पडेल ते सांगता येत नाही. सामानावरची नजर न काढण्याची ती सवय आमच्या पिढीतही उरलेली आहे. त्यामुळे रात्री सामान दाराबाहेर ठेवून झोपायचे हे आम्हांला पचायला जड जाते, आणि एकदा ते ठेवायचेच आहे म्हटल्यावर ‘सगळेच एकदा भरून टाकू’ असे मनात येते. गडबड तिथेच होते.

म्हणून सहलसंस्थांना माझी विनंती आहे की, निघण्यापूर्वीच्या बैठकीत एक पाचसहा ओळींचा मराठी कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा आणि शेवटच्या दिवशी दुपारी, बॅगा भरायला घेण्याआधी, तो मोठ्याने वाचून दाखवावा. त्यात सर्वांत वर औषधे असावीत. रात्रीची, सकाळची आणि वर एक दिवसाची औषधे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत, इन्सुलिन केबिनच्या छोट्या फ्रीजमध्ये विसरू नये. त्याखाली पासपोर्ट, चष्मा, मोबाइलचा चार्जर, सकाळचे कपडे आणि चपला. चढताना बॅगेतून काढून ठेवून घेतलेली इस्त्री किंवा एक्स्टेन्शन बोर्ड परत मागून घ्यायचे. न्याहारीच्या टेबलावरचे सफरचंद किंवा केळे पर्समध्ये टाकून उतरायचे नाही, कारण अमेरिकेत उतरताना फळे आणि मांस यांची तपासणी होते आणि न सांगता नेल्यास दंड होऊ शकतो. बोटीचे बिल आदल्या संध्याकाळीच तपासावे. त्यात रोजच्या सेवाशुल्काची रक्कम आपोआप धरलेली असते, आणि सकाळी रिसेप्शनसमोर लांब रांग लागते. प्रीपेड किंवा डेबिट कार्ड दिले असेल, तर राखून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा पुढच्या प्रवासाचा खर्च त्यावर अवलंबून ठेवू नये. आणि परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे. हे शेवटचे तर तिकीट काढणाऱ्या संस्थेच्याच हातात असते.

ज्यांना स्वतःची बॅग स्वतः ओढत नेणे जमते, त्यांना ती रात्री बाहेर न ठेवता सकाळी बरोबर घेऊन सर्वांत आधी उतरता येते, ही सोय बऱ्याच बोटींवर असते. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना ते सहज जमले असते. तेही आम्हांला उतरल्यावर कळले. ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्यासाठी व्हीलचेअर मिळते, पण ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

आमची केबिन आवरणारा मुलगा मडगावचा होता. सकाळी आठच्या आत केबिन रिकामी करून आम्ही निघालो, तेव्हा त्याच्या हातात पुढच्या प्रवाशांसाठीच्या चादरींचा ढीग होता. रात्री काय झाले ते त्याला कळले होते. “काकी, दर फेरीला कोणाचं तरी औषध बॅगेत जातं,” तो म्हणाला, “आपली माणसं दिसली की मी विचारतो. काल तुम्ही लवकर उतरलात, म्हणून राहून गेलं.”

अलास्काच्या बोटींचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असा असतो आणि संस्थांच्या तयारीच्या बैठका त्याआधी महिना-दीड महिना होतात. त्या बैठकांना जाणाऱ्या वाचकांना शेवटच्या रात्रीबद्दल तिथेच उठून विचारता यावे, यासाठी हे पत्र आताच पाठवत आहे.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली