आधी मुद्देमाल तरी जपा

मा. संपादक,
स. न.

शिक्षा झालेल्या कैद्यांच्या डीएनए चाचणीवरचा कालचा अग्रलेख वाचला. भाषा झकास, पण सगळा राग न्यायसहायक प्रयोगशाळांवर! अहवाल रखडतात हे खरंच. पण शिक्षेनंतर दहा-बारा वर्षांनी कोणी फेरतपासणी मागितली, तर प्रयोगशाळेनं तपासायचं काय? निकालपत्राचं शेवटचं पान आपण कधी पाहिलंय का? 'मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करावा.' कोर्टाचा नाझर, म्हणजे खटल्यातल्या जप्त वस्तू सांभाळणारा कर्मचारी, म्हणून असल्या आदेशांच्या अंमलबजावणीत माझी सगळी नोकरी सरली.

एका तालुका कोर्टातली मुद्देमालाची खोली (नाव घेत नाही) अजून डोळ्यांपुढं आहे. जिन्याखाली, भिंतींना ओल. रक्ताचे कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून यायचे. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात, प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो, हे हवालदाराला कोणी शिकवलं होतं? एकदा हायकोर्टानं अपिलात आरोपीची पँट मागवली. लेबलं उंदरांनी खाल्लेली, गठ्ठ्यात पँटी तीन. साहेबांनी 'मिळून येत नाही' असं कळवून टाकलं. आरोपी तेव्हा कळंब्याच्या तुरुंगात होता. पुढं त्याचं काय झालं कोण जाणे.

अमेरिकेत कर्क ब्लड्सवर्थला १९८५ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती; १९९३ मध्ये तो डीएनएमुळे सुटला. नष्ट झाला म्हणून सोडून दिलेला पुरावा न्यायाधीशांच्याच दालनात कागदी पिशवीत निघाला! त्याच डीएनएवरून २००३ मध्ये खरा गुन्हेगारही सापडला. आमच्याकडं ती पिशवी दिवाळीच्या साफसफाईत गेली असती.

नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, ते कोणाच्या हातून कुठं गेले याची नोंदवही ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलंय. नोंदवही ठेवतील हो, कोरडी खोली कोण देणार?

आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, अपिलं इथंच चालणार. जन्मठेप आणि फाशीच्या खटल्यांतला मुद्देमाल कैदी तुरुंगात असेपर्यंत नष्ट करायचा नाही, एवढा आदेश निघायला काय हरकत आहे? आपण अग्रलेखात हे मागितलं असतं तर आपल्या पेपरचे पैसे वसूल झाले असते.

जाता जाता, सीपीआर रुग्णालयासमोरच्या पार्किंगबद्दलचं माझं आधीचं पत्र अजून छापलेलं नाही. की तेही अपील मुदतीनंतर नष्ट केलंत?

– एक निवृत्त नाझर, मंगळवार पेठ, कोल्हापूर