'मॉडरेट' हवा कुणासाठी मॉडरेट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची नात सहावीत आहे, सेमी-इंग्रजीत. परवा तिला पर्यावरणाचे इंग्रजी शब्द पाठ करायचे होते आणि ते म्हणून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पोल्यूशन, रीसायकल, डिफॉरेस्टेशन धडाधड झाले. मॅन्ग्रोव्हपाशी म्हणाली, "आजोबा, ते सुंदरबनात असतं." मावशीकडे जाताना ऐरोलीच्या पुलावरून खाडीतली जी झाडी ती दर महिन्याला बघते, तीच ही, हे तिच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, अगं, ही आपली तिवरं. चिखलातून सुयांसारखी वर आलेली त्यांची मुळं श्वास घेतात, हे ऐकल्यावर पोरगी खुलली. सरकारी मराठीतला 'कांदळवन' हा शब्दही छान आहे, फक्त तो पाट्यांवरच राहतो.

रेक्लमेशन तिच्या यादीत नव्हता, तो मीच काढला. बॅकबे रेक्लमेशन, वांद्रे रेक्लमेशन आपण बसस्टॉपच्या नावासारखं म्हणून मोकळे होतो. समुद्रात भर टाकून जमीन करायची, त्याला हा शब्द. पण शब्दाचा मूळ अर्थ परत मिळवणं. "परत? म्हणजे समुद्राने आपली जमीन घेतली होती का?" तिने विचारलं. मराठीतला 'भराव' असली लबाडी करत नाही. भर टाकली, एवढंच तो सांगतो.

मी काही भाषाशुद्धीवाला नाही. 'कार्बन पदचिन्ह' वाचलं की मलाच हसू येतं, त्यापेक्षा फूटप्रिंट परवडलं. उलट साधा शब्दही कधी घोळ घालतो. बायोडिग्रेडेबल म्हणत बसण्याऐवजी 'ओला कचरा' म्हटलं आणि सोसायटीतल्या सगळ्यांना कळलं, हे खरं. पण वाळलेली पानं कोरडी असूनही ओल्यात का टाकायची, यावर आमच्या जिन्यात आठवडाभर वाद चालला होता.

एक शब्द मात्र आम्हाला महागात पडला. सौभाग्यवतींना दमा आहे. गेल्या डिसेंबरात एका सकाळी फोनवर हवेचा निर्देशांक 168 दिसला, खाली 'मॉडरेट'. म्हटलं, चला, फार नाही. अर्धा तास फिरून आलो, तर जिन्यातच त्यांना धाप लागली. पंप घेऊनही दुपारपर्यंत छाती वाजत होती. मग मी शोधून तक्ता वाचला. 2015 पासून देशात लागू असलेल्या निर्देशांकात 101 ते 200 म्हणजे मॉडरेट, आणि त्यासमोर लिहिलंय की दमा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, हृदयरोगी, मुलं आणि वृद्धांनाही अस्वस्थ वाटू शकतं. आमच्या घरात तीन माणसं राहतात, तिघंही या यादीत बसतात! अमेरिकेच्या तक्त्यात 'मॉडरेट' शंभरावरच संपतं आणि दीडशेच्या पुढे सरळ 'अनहेल्दी' लागतं. आकडे काढण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे, मान्य. पण शब्द तोच, आणि कुठलं अ‍ॅप कुठला तक्ता वापरतं हे सकाळी साडेसहाला कोण तपासतो?

आपल्या अंकातही रोज हवेचा चौकोन असतो. त्यात मॉडरेटचं 'मध्यम' होतं. मध्यम म्हटलं की आम्हाला मध्यम आच आठवते, मध्यम बांधा आठवतो. त्यात घाबरण्यासारखं काय वाटणार? पीएम 2.5 चंही तसंच. नुसतं अक्षर आणि आकडा छापण्याऐवजी 'केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक धूळ' असं एकदा तरी लिहा, म्हणजे ती रुमालाने का अडत नाही ते कळेल.

चौकोनात जागा कमी असते, हे मी जाणतो. पण 'मध्यम' काढून तिथे 'दमेकऱ्यांना त्रासदायक' छापलंत, तर एकच शब्द वाढतो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई