फाईल नाही म्हणून प्रोजेक्ट अपूर्ण?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

आमच्या पुतण्याची गोष्ट आहे, जमलं तर छापा. पोरगा मुंबईतल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, यंदा प्रोजेक्ट म्हणून त्याने कॉम्प्युटरवर वाजणारी सुरपेटी (गाताना मागे अखंड सूर धरणारी पेटी) केली, कारण आमच्या बाबांचा सकाळचा रियाज आणि खरी पेटी गिरगावच्या खोलीत माळ्यावर पडलेली, रोज कोण काढणार. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले सर म्हणे, साउंड फाईल कुठाय, जोडली नाहीस? हा म्हणाला सर फाईल नाहीच आहे, आवाज प्रोग्रॅमच बनवतो. झालं, 'अपूर्ण' असा शेरा मारून मोकळे. हेडफोन कानाला लावलासुद्धा नाही हो.

अहो, फाईल नसणं हाच तर प्रोजेक्ट होता! कॉम्प्युटरला आवाज म्हणजे नुसते आकडे, सेकंदाला 44100, आणि 16 बिटमध्ये प्रत्येक आकडा -32768 ते 32767 च्या मधला. ते साइनने, म्हणजे लाटेसारखं वर-खाली होणाऱ्या गणिताने, काढायचे, मेमरीत ओळीने भरायचे, पुढे वेव्ह या साउंडच्या प्रकाराचं 44 बाइट्सचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, चिकटवायचं आणि विंडोजला सांगायचं की बाबा, फाईलचं नाव मागू नकोस, हा मेमरीतला पत्ता घे आणि वाजव.

सांगायला सोपं, पण पोराने महिना घातला. आधी तीन सूर फुल आवाजात एकत्र केले तर बेरीज 32767 च्या वर जाऊन आवाज फाटला, मग तिघांना तिनाने भागलं. मग नुसती खरखर, कारण ॲरे, म्हणजे आकड्यांची ती ओळ, फंक्शनच्या (प्रोग्रॅममधल्या एका तुकड्याच्या) आत होता, फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्याला, आणि इकडे गाणं चालूच. सगळ्यात चिवट निघाला तो टक् आवाज. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा 138.59 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या लाटा, एक सेकंदाचा तुकडा लूपवर (पुन्हा पुन्हा वाजायला) टाकला की 138 लाटा पूर्ण होतात आणि पुढची मध्येच तुटते, म्हणून दर सेकंदाला टक्. बाबा विचारतायत, झांज कोण वाजवतंय? शेवटी त्याने सा 138.5 धरला आणि तुकडा 8 सेकंदांचा केला, मग सा च्या 1108 लाटा, खर्जाच्या (खालच्या सा च्या) 554 आणि मंद्र, म्हणजे खालच्या, पंचमाच्या 831, सगळ्या पूर्ण, सांधा कळतच नाही. तेवढा उतरलेला सा बाबांनाही कळला नाही, आणि ते शेजारच्या मिक्सरचा सूर सांगणारे. 'जवारी नाही रे याला' (तंबोऱ्याच्या तारेची ती झणझणती गुंज) एवढंच म्हणाले, ते खरंच आहे.

आता एवढं केलेल्या पोराला निदान आठ सेकंद ऐकून तरी घ्यायचं ना?

बाकी, सरांना फाईलच हवी असेल तर तीही झाली. त्या रात्री रागाने त्याने मेमरीतले तेच बाइट्स डिस्कवर लिहिले, 705644 बाइट्स. पेनड्राइव्हवर आहे, कधीही मागा.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई