तुमच्या ग्रहणाच्या चष्म्यातून ट्यूबलाइट दिसते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

२ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणासाठी आमच्या सोसायटीतल्या मुलांकरता तुमचे ३० चष्मे मागवले. पाकिटावर आयएसओ १२३१२-२ छापलं आहे. त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच: दृश्य प्रकाशाचा ०.००३२ टक्क्याहून जास्त भाग आत येता कामा नये. असा चष्मा घरात लावला की काळोख व्हायला हवा. मी स्वयंपाकघरात लावला तर ट्यूबलाइट दिसली. शेजारचा पंखा दिसला. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, त्यातले लाल रविवारसुद्धा. ३० पैकी ११ चष्मे असे निघाले. आणखी दोन चष्म्यांच्या फिल्मला घडी पडलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. दिव्यासमोर धरलं की लख्ख चमकतं.

हे सगळं आज तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, दिसतंय म्हणजे काच क्लिअर आहे, चांगलंच आहे ना." मी म्हटलं, अहो, यातून मुलं सूर्याकडे बघणार आहेत. त्यावर म्हणाला, "मग थोडा थोडा वेळ बघायचं. मुलांना सांगून ठेवा, डोळे दुखले की लगेच काढा."

डोळे दुखत नाहीत! दृष्टिपटलाला वेदना कळतच नाही. इजा होत असताना मुलाला काहीही जाणवणार नाही. काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडल्यावर लक्षात येईल की नजरेच्या मधोमध डाग आहे, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. मी हे समजावत होते तर मध्येच तोडून म्हणाला, "आजवर कुणाची कंप्लेंट आली नाही." ग्रहण व्हायच्या आधी तक्रार येणार कुठून? मग मला होल्डवर ठेवलं, दहा मिनिटं धून ऐकवली आणि फोन कट.

१६ फेब्रुवारी १९८० ला माझ्या मोठ्या बहिणीने काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण पाहिलं. तेव्हा ती अकरा वर्षांची. तिचेही डोळे दुखले नव्हते. आजही उजव्या डोळ्याने बसची पाटी वाचायला गेली की तिला मधला आकडा दिसत नाही. तिच्याकडे निदान काजळीची काच होती, तिच्यावर कुणी 'शंभर टक्के सुरक्षित' छापलं नव्हतं. तुम्ही छापलं आहे.

पाकिटातल्या चिठ्ठीबद्दलही लिहिते. तिच्यात "सूर्य पूर्ण झाकल्यावर चष्मा काढावा" असं आहे. त्या दिवशी खग्रास दिसणार ते स्पेन, मोरोक्को, इजिप्तमध्ये. पुण्यातून खंडग्रासच दिसेल, म्हणजे इथे चष्मा एक क्षणही काढायचा नाही. शिवाय ऑगस्टातलं आभाळ: ढग विरळ झाला की ऊन मऊ वाटतं आणि मुलं उघड्या डोळ्यांनी वर बघतात. त्यांच्या हाती ही चिठ्ठी देऊ का? आणि वर ट्यूबलाइट दिसणारा चष्मा?

"पाकीट उघडलंय, रिफंड होणार नाही," हे तिसऱ्या फोनवर ऐकलं. पाकीट न उघडता चष्मा तपासायचा कसा, ते सांगितलं नाही.

माझे पैसे परत करा, पण माझं म्हणणं तेवढ्यापुरतं नाही. या बॅचची विक्री आजच थांबवा, ज्यांनी घेतले त्या प्रत्येकाला कळवा, आणि फिल्म कोणत्या प्रयोगशाळेत तपासली त्याचा अहवाल मला पाठवा. पंधरा दिवसांत झालं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही आहे. सगळे ३० चष्मे पाकिटांसकट डब्यात बंद करून ठेवले आहेत. अहवाल हातात येईपर्यंत त्यातला एकही मुलांना मिळणार नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक ग्राहक (निवृत्त विज्ञान शिक्षिका)
सिंहगड रोड, पुणे