तू मला अंगठा दाखवलास

पुणे, मंगळवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

रविवारी पहाटे तू मला अंगठा दाखवलास. तुला पत्ताही नसेल, पण दाखवलास.

झ्विफ्टवर, घरातल्या घरात सायकल पडद्यावर पळवायच्या त्या ॲपमध्ये, तिथला ‘आल्प’ नावाचा घाट चढताना, सातव्या वळणाच्या जरा अलीकडे. इथे सहा वीस झाले होते, म्हणजे तुझ्याकडे शनिवारची संध्याकाळ, पावणेसहा वगैरे. मी मान खाली घालून वजनाच्या दर किलोमागे २.४ वॉट ताकदीने रखडत होतो. बाजूच्या यादीत खालून एक नाव वर सरकायला लागलं. कॅनडाचा झेंडा आणि पुढे ‘बंड्या पर्वती’. या नावाचा आणखी कोणी कॅनडात असेल का, यावर मी एक अख्खं वळण घालवलं. तोवर तू शेजारून निघून गेलास, ३.१ ने. जाता जाता अंगठा, तिथली शाबासकी, राइड ऑन. तू वाटेतल्या सगळ्यांना देत असशील. काका पानाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही रामराम घालायचे तसं.

मी उलट दिला नाही. बटण समोर होतं.

मला ओळखणं तुला शक्यच नव्हतं, मी तिथे ‘एस. के.’ आहे. कारण तुला माहीत आहे. २०१८ च्या हिवाळ्यात तू तळघरातल्या ट्रेनरचा, सायकल जागच्या जागी चालवायच्या त्या स्टँडचा, फोटो ग्रुपवर टाकलास आणि मी खाली लिहिलं, ‘घाण्याला जुंपलेला बैल, तेल किती निघतं?’ सगळे हसले. नंतर २०२० साली या खोलीतल्या सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा एका जर्मन नौकानयनपटूने जिंकली, तेव्हाही मी न विसरता तुला कळवलं की होडीवाल्यांनी तुमची बाजी मारली. तू त्यावर काही बोलला नाहीस. बाहेर उणे पंचवीस असताना माणूस काय करणार, एवढंसुद्धा म्हणाला नाहीस.

तर आता हा दुसरा बैल. फेब्रुवारीपासून.

प्रकृती ठीक. शुगर काठावर आहे, गेली दहा वर्षं काठावरच आहे. आईचे गुडघे आहेत तसेच.

आधी एक खोटं मागे घेतो. काकांना पोचवायला वैकुंठ स्मशानभूमीत होतो तेव्हा माझ्या कोपराला पट्टी होती, तू विचारलंस, मी म्हटलं बाथरूममध्ये घसरलो. ती वेळ सांगायची नव्हती हे खरं, पण सांगायचं मनातही नव्हतं. त्याच्या आदल्या रविवारी बापदेव घाट उतरत होतो. कोंढव्याच्या बाजूला, शेवटची वळणं. एक पिकअप मागून इतका चिकटून गेला की त्याचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी कडेच्या खडीत जाऊन आडवा झालो. पिकअप थांबलासुद्धा नाही. मला काही झालं नाही. कोपर सोलवटलं, बिब शॉर्ट फाटली, हेल्मेटला ओरखडा नाही. उठून, सायकल तपासून, चालवत घरी आलो. गरम पोहे खाल्ले.

हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. प्लास्टर घातलं, सहा आठवडे झाले, प्लास्टर काढलं, माणूस परत रस्त्यावर. माझं काढायला काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी गजर झाला, मी तो बंद केला. त्याच्या पुढच्याही. मग एके दिवशी ट्रेनर मागवला. हिला म्हटलं, पुण्याची हवा किती खराब झालीय बघ. हिने हवेची बातमी नाही, माझा चेहरा वाचला असणार, पण काही बोलली नाही. उलट खूशच झाली. सकाळी नवरा घरात, दूध आणायला मोकळा.

आता तुझ्या विजयाचा भाग. सावकाश वाच, चहा घेऊन ये.

ट्रेनरवर पहिले आठ दिवस मी चाळीस मिनिटांच्या वर बसू शकलो नाही. रस्त्यावर तीनशे किलोमीटर करणारा मी! (बरं, अडीचशे. ते पुढे येतंच आहे.) रस्त्यावर आपण खड्डा आला की उठतो, सिग्नलला पाय टेकतो, सायकल अंगाखाली डुलते. ट्रेनरवर ती खिळ्याने ठोकल्यासारखी घट्ट, आणि आपण तिच्यावर त्याच जागी, त्याच हाडांवर. वर्षानुवर्षं खड्ड्यांनी झाकून ठेवलेली चूक आठवड्यात उघडी पडते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. गुडघ्याची मागची शीर ओढलेली. आणि बाकीचं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एप्रिलमध्ये बाईक फिटला, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून घ्यायला, गेलो. फिजिओथेरपिस्ट मुलगी, आपल्या पोरांच्या वयाची. पाऊण तास मला सायकलवर बसूच दिलं नाही. वाकून बोटं जमिनीला लावा म्हणाली, माझी गुडघ्याखाली चार बोटं पोचली. भिंतीला टेकवून उभं केलं, दोन पायांत पुस्तक धरायला लावलं, जमिनीपासून माप घेतलं, साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. गुणिले ०.८८३. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालतं ना, सीटच्या उंचीचं, तेच सूत्र. उत्तर ६९.३. मग माझ्या सॅडलची, म्हणजे सीटची, उंची मोजली. ७२.

एकदम बोलू नकोस. पुढे ऐक.

मग ट्रेनरवर चढवलं, सांध्यांवर ठिपके चिकटवले, मागून व्हिडिओ घेतला आणि मला दाखवला. बंड्या, मी सायकल चालवत नव्हतो, लावणी करत होतो. दर पेडलला कंबर इकडून तिकडे. पेडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक हवा, माझा १९. सॅडलचं नाक मी खाली झुकवून ठेवलं होतं, खालचं दुखू नये म्हणून. त्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो आणि अर्धं वजन तळहातांवर पेलत होतो. करंगळीची नस तिथे दबते. म्हणजे एक दुखणं झाकायला दुसरं विकत घेतलेलं. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, ११० मिलिमीटरचा ८० केला. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५ चा १६५ केला, तेवढं सॅडल परत वर आलं आणि ७० वर थांबलं. सॅडलही रुंद घेतलं, बुडाची हाडं मोजून. गुडघा पेडलच्या कितपत पुढे येतो ते बघायला तिने ओळंबा काढला. गवंड्याचा, पितळी, अगदी काकांच्या पिशवीत असायचा तसा. माझ्या घशाशी आलं. तिला वाटलं गुडघा दुखतोय.

शेवटी ती म्हणाली, ‘काका, फ्रेमच एक साइज मोठी आहे. ५६ तुम्हाला कोणी दिली?’ कोणी दिली! डिस्काउंटने दिली. ५४ घे, ५४ घे म्हणून दुकानात तू माझी बाही ओढत होतास आणि मी म्हटलं होतं, बंड्या, चपला आहेत का या?

आणि २०१६. ३०० ची बीआरएम, ठरल्या वेळेत तीनशे किलोमीटर सायकल. खंबाटकी चढून उतरलो आणि सुरूर फाट्याला तू म्हणालास, थांब, सीट दोन बोटं खाली घेऊ, तू घोड्यावर बसवलेल्या मुंजासारखा दिसतोयस. मी भडकलो. तुझा ॲलन की, तो सीटचा पाना, मी रस्त्यापलीकडे फेकला, हे मी आजवर नाकारत आलोय. फेकला. पुढे पन्नास किलोमीटर राहिलेले असताना मी सोडली, तेव्हा पोट बिघडलं म्हणालो. पोट ठणठणीत होतं. बोटांना ब्रेक दाबता येत नव्हता. तू वीस तासांच्या आत पूर्ण केलीस आणि वरून माझ्यासाठी इलेक्ट्रॉल घेऊन आलास. त्याचाच मला जास्त राग आला.

साडेसहा हजार रुपये दिले, दोन बोटं खाली जायला. घरी येताना आठवलं, शहाऐंशी साली काकांनी ॲटलसवर बसवून सांगितलं होतं, टाच पेडलवर ठेव, पाय सरळ झाला की तीच तुझी उंची. फुकट.

पण लाखमोलाचं झालं बघ. आता दोन तास बसतो आणि अंगाला खबर नसते. बोटं जिवंत आहेत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सायकल माझ्या मापाची आहे. इथेच सगळी गंमत आहे आणि इथेच माझी झोप उडालीय.

ॲपमध्ये आधी मायव्हूश लावलं, फुकट म्हणून. अबू धाबीवाल्यांचं, आता जागतिक स्पर्धाही त्यावर भरवतात. चांगलं आहे, पण कुठे कुठे सकाळी सहाला एखाद्या मॉलमध्ये शिरल्यासारखं वाटतं. मग रूव्ही. त्यात खऱ्या रस्त्यांचं चित्रण, आपण पेडल मारू तसं पुढे सरकतं. आल्प्समधला एक घाट लावला, समोरून गाडी आली, आणि मी खोलीत, पंख्यासमोर, ब्रेक दाबला. घाम आला तो चढाचा नव्हता. ते बंद केलं. झ्विफ्टवर ज्वालामुखी आहे, डायनासोर आहेत, समुद्राखालून काचेचा बोगदा आहे, पिकअप नाही. महिन्याला वीस डॉलर जातात, हिला दहा सांगितलेत.

ट्रेनर डिफिकल्टीवरून, ॲपमधला चढ पायाला किती जड लागावा त्या सेटिंगवरून, आपण किती भांडलो होतो. मी म्हणायचो, चढ निम्मा करणं म्हणजे कॉपी. तू सांगत होतास की मेहनत तेवढीच लागते, फक्त गिअर बदलल्यासारखं होतं. मी ती आता तीस टक्क्यांवर ठेवलीय. एवढं पुरे, जास्त मान्य करायला लावू नकोस.

तुझ्याकडे बर्फ आहे म्हणून तू आत असतोस. मार्च सरला, रस्ते मोकळे झाले की तू बाहेर. माझ्याकडे काय आहे? खिडकीबाहेर पुण्याचा नोव्हेंबर आहे. थंडी अशी की तू तिथून विमानाचं तिकीट काढून खायला येशील. आणि मी पडदा ओढून घेतो, टीव्हीवर ऊन पडतं म्हणून. मागचं चाक परवापर्यंत गॅलरीत खुंटीला टांगलेलं होतं, त्यात कोळ्याने संसार थाटला होता. पोरगा विचारतो, बाबा, आता सिंहगडला नाही जात? मी म्हणतो, ट्रेनिंग चाललंय. कशाचं रे ट्रेनिंग? दहा महिने? आल्प एक तास बत्तीस मिनिटांत चढतो आणि गंगाधाम चौक ओलांडता येत नाही, हे कोणाला सांगू? डॉक्टरला सांगितलं तर म्हणेल, मग घरातच चालवा, उत्तम व्यायाम आहे. ऑफिसात सांगितलं तर म्हणतील, या वयात कशाला. सगळे माझ्याच बाजूने बोलतील, तेच नको आहे.

गंगाधामचं उगाच लिहिलेलं नाही. रविवारी तू पुढे निघून गेलास, मी वर पोचलो आणि तिथलं बक्षिसाचं चक्र फिरायच्या आत सायकल ट्रेनरवरून काढली. कोळी हुसकला, चाक बसवलं, हवा भरली. सव्वासातला खाली. सायकल अशी चालली म्हणून सांगू! खालून कोणी ढकलतंय तसं. बिबवेवाडीतून चौकापर्यंत मी मोठ्याने गात गेलो, आणि तू म्हणतोस तसं बेसूर. चौकाच्या अलीकडे मागून एका टेम्पोने हॉर्न दिला. नेहमीचा, पुणेरी, विनाकारण. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, एवढंच कळलं की मी फूटपाथवर उभा आहे आणि दोन्ही हातांनी हँडल धरलंय. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, बसा दादा. बसलो. चहा घेतला. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट टकटकवत चालत घरी आलो.

हिला म्हटलं, पंक्चर झालं. ती काही बोलली नाही. मी अंघोळीला जाताना दारातून पाहिलं, ती वाकून दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघत होती. दगडासारखे घट्ट. मग तिने माझ्यासाठी पोहे केले. तेव्हापासून तीन रात्री हे पत्र लिहितोय.

तू कसा आहेस, हे विचारायला हवं होतं आधी. वहिनीची नोकरी लागली ना? धाकटीचे दात बसले का सरळ? काका गेल्यावर मी नुसते जोडलेले हात पाठवले, नंतर फोन केला नाही, हे मला दर रविवारी आठवतं. पर्वतीवरून जाताना तुमच्या खिडकीकडे बघत नाही.

वर्षश्राद्धाला तू जानेवारीत येणार असं शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या. येशील तेव्हा एक सकाळ मला दे. बापदेव नको. पहाटे पाचला निघू, स्वारगेटवरून, लक्ष्मी रस्ता रिकामा असतो, संभाजी पुलावरून परत. आठ-दहा किलोमीटर असतील, हसू नकोस. तू माझ्या मागे राहा, थोडा उजवीकडे. मागून काही आलं तर आधी तुझ्याजवळून येईल, म्हणून म्हणतो. हे मागणं बरोबर नाही हे मला कळतं. दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. काकांची ॲटलस जिन्याखाली आहे, मी तिच्यात तेल घालून ठेवीन. तिची सीट मात्र हलवू नकोस.

शनिवारी संध्याकाळी तुझ्या साडेपाचला मी आल्पच्या पायथ्याशी उभा असेन. नाव बदललंय. ‘घाण्याचा बैल’ शोध.

तुझा,
सुध्या

ता. क. तिथे मी वजन ७२ लिहिलंय. खरं ७९ आहे. म्हणजे सात किलोंची लबाडी करूनही तू मला मागे टाकलंस. ॲलन की भरून देईन, पण हे बाहेर बोलू नकोस.