नुसते 'नऊ फुटी' लिहून भागत नाही

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नव्या गृहसंकुलांच्या क्लबहाउसमध्ये पूलचे, म्हणजे काठीने (क्यूने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या भोकांत (पॉकेटमध्ये) घालण्याच्या खेळाचे, टेबल आता नवलाचे राहिलेले नाही. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या आपापसांत स्पर्धाही रंगतात. पण स्पर्धेच्या सूचनेत खेळाचे नाव, प्रवेशशुल्क आणि वेळ असते. टेबल केवढे आहे हे बहुधा नसते. सात फुटी टेबलावर हात बसलेली मुले नऊ फुटीवर पहिल्याच फेरीत बाहेर पडतात आणि त्यांचा खेळ कच्चा ठरवला जातो. हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे.

मुळात 'सात फुटी', 'नऊ फुटी' ही नावे ढोबळ आहेत. खरे माप घ्यायचे ते कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या आतल्या उशीसारख्या काठाच्या, रबरी कडेपासून समोरच्या रबरी कडेपर्यंत, लाकडी चौकट सोडून. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा 100 बाय 50 इंच, आठ फुटीची 88 बाय 44, आणि सात फुटीची साधारण 78 बाय 39. टेप पूर्ण ताणायची सोय नसेल तर चौकटीवर समान अंतराने असलेल्या खुणांपैकी लगतच्या दोन खुणांमधले अंतर मोजावे. ते नऊ फुटीवर साडेबारा इंच, आठ फुटीवर 11 इंच आणि सात फुटीवर पावणेदहा इंच भरते.

सात फुटीपेक्षा नऊ फुटीची लांबी सव्वापटीहून थोडी जास्त, म्हणजे खेळही तेवढाच अवघड झाला, असे पुष्कळांना वाटते. हिशेब तसा नाही. नेम धरताना झालेली चूक दोनदा वाढते: एकदा पांढरा बॉल समोरच्या बॉलपर्यंत जाताना आणि दुसऱ्यांदा तो बॉल पॉकेटपर्यंत जाताना. त्यामुळे दोन्ही अंतरांचा गुणाकार मोजावा लागतो. समजा, सात फुटीवर सरळ शॉट आहे, दोन्ही अंतरे 30 इंच आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंच. इथे पांढऱ्या बॉलची दिशा साधारण 0.16 अंशापर्यंत चुकली तरी बॉल आत जातो. तोच शॉट त्याच प्रमाणात नऊ फुटीवर मांडला तर अंतरे साडेअडतीस इंच होतात आणि सूट उरते जेमतेम 0.10 अंश. सात फुटीचे क्षेत्रफळ नऊ फुटीच्या सुमारे 61 टक्के असते, आणि चुकीला मिळणारी सूटही त्याच प्रमाणात आक्रसते.

यात पॉकेटचे माप धरले नाही तर मात्र फसगत होते. प्रमाणित टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असते. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे दोन बॉल शेजारी ठेवले की तोंड जवळजवळ भरते. हीच सोपी चाचणी. दोन बॉल ठेवून अर्ध्या इंचाची फट दिसली तर तोंड पाच इंची आहे. तसे नऊ फुटी टेबल आणि साडेचार इंची तोंडाचे आठ फुटी टेबल, यांच्या अवघडपणात फारसा फरक राहत नाही. आठ फुटीचे तोंड सव्वाचार इंच केले तर पॉटिंगला, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायला, ते आठ फुटीच जड जाते. म्हणून 'आमच्याकडे मोठे टेबल आहे' एवढ्यावर कोणाचा दर्जा ठरवू नये.

लांब टेबलावर दुसरी अडचण पांढऱ्या बॉलला जागेवर आणण्याची. खालून मारून दिलेली उलटी फिरकी कापडाच्या घर्षणाने वाटेतच झिजते. तीन फुटांवर सहज मागे येणारा बॉल पाच फुटांवर थांबतो किंवा पुढे घरंगळतो. मग खेळाडू जोर लावतो, आणि जोर लावला की नेम ढळतो. पावसाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत कापड ओल धरते, बॉल जड चालतो आणि हा त्रास दुप्पट जाणवतो.

पण लहान टेबल सगळ्याच खेळांना सोपे असते असे नाही. एट बॉल या पूलच्या प्रकारात पांढऱ्यासह 16 बॉल असतात. नऊ फुटीवर एका बॉलच्या वाट्याला 312 चौरस इंच येतात, सात फुटीवर 190. बॉल एकमेकांना चिकटतात, पॉकेटच्या वाटा बुजतात, पांढरा बॉल थोडा जास्त पळाला की घोळक्यात अडकतो. इथे पॉट सोपा आणि आखणी अवघड. नाइन बॉल या दुसऱ्या प्रकारात बॉल कमी असल्याने ही दाटी नसते, त्यामुळे तो खेळ सात फुटीवर खरोखरच हलका होतो. तो नऊ फुटीवरच खेळवावा असे माझे स्पष्ट मत आहे. एट बॉलसाठी लहान टेबल कमअस्सल मानण्याचे कारण नाही.

आयोजकांना विनंती एवढीच, की सूचनेत टेबलाचे आतले माप आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड या दोन गोष्टी छापाव्यात, आणि सामन्याआधी प्रत्येकाला त्याच टेबलावर दहा मिनिटे सराव द्यावा.

नवे टेबल घेणाऱ्या सोसायट्यांनी आधी खोली मोजावी. नेहमीचा क्यू 58 इंचांचा असतो आणि तो चारही बाजूंनी मोकळा फिरायला हवा. त्यासाठी सात फुटीला किमान 13 बाय साडेसोळा फूट आणि नऊ फुटीला 14 बाय 18 फूट जागा लागते. मागे हात घेण्यासाठी आणखी काही इंच मिळाले तर उत्तम. मधला खांब या हिशेबातून हमखास सुटतो. 12 फूट रुंदीच्या खोलीत सात फुटी टेबल ठेवले तरी दोन्ही बाजूंना साडेबावन्न इंचच उरतात. तिथे नऊ फुटीचा हट्ट न धरता सात फुटी घ्यावे आणि भिंतीलगतच्या शॉटसाठी 48 इंची आखूड क्यू ठेवावा.

– एक पूल प्रशिक्षक, ठाणे (पश्चिम)