तीन दगडांची खूण

मिनियापोलिस,
२२ जुलै, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुलू,

दीड वर्ष झालं. दिवाळीला तुझा निरोप आला, संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा फोटो आला, आणि मी दोन्ही वेळा नुसते जोडलेले हात पाठवले. असे हात परक्यांना जोडायचे असतात. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी जे झालंय ते सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाहीये. तीनदा तुझा नंबर लावायला घेतला. पण बाबा शेजारच्याच खोलीत झोपतात आणि त्यांचे कान अजून आठवी ब च्या मागच्या बाकापर्यंत पोचतात.

आम्ही सगळे बरे आहोत. माझं थायरॉईड नेहमीचंच, विनयची पाठ नेहमीचीच.

बाबा मे महिन्यात आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. त्यांचं तिकीट काढलं त्याच आठवड्यात मी इटास्का स्टेट पार्कमधली तंबूची जागा धरून ठेवली होती. इथे उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी चार महिने आधी बुकिंग उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता जातात. इटास्का म्हणजे मिसिसिपीचा उगम, सुलू! आपल्या घरापासून गाडीने चार तास. बाबांनी तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढलेली नदी. मुखाशी तो पक्षिपाद त्रिभुज प्रदेश, ज्याला तू वहीत पैंजण काढले होतेस आणि बाबांनी ते सगळ्या वर्गाला दाखवत म्हटलं होतं, "पाय बरोबर आहे, दागिने जास्त झालेत." मी त्यांना विचारलं, आठवतं का? ते लगेच म्हणाले, सुलभाची वही. बघ, हे आठवतं.

शुक्रवारी दुपारी पोचलो. बेअर पॉ नावाचा कॅम्पग्राउंड, तळ्याला लागून, उंच तांबूस खोडांचे पाईन. प्रत्येक जागेला एक लाकडी बाक-टेबल, एक लोखंडी कड्याची चूल आणि रस्त्याच्या कडेला नंबराचा खांब. आमचा ३१. बाबा इतके खूश होते की विनयच्या हातातून हातोडी घेऊन तंबूच्या खुंट्या स्वतः ठोकल्या, बाहेरच्या बाजूला तिरक्या, कमळगडावर आपल्याला शिकवल्या होत्या तशा. लाकडं तिथेच विकत घ्यावी लागतात, घरून न्यायची नाहीत, कारण लाकडातून झाडांची कीड पसरते. हे अर्णवने वाचून दाखवलं तर बाबांनी त्याला शाबासकी दिली. चुलीत वांगं भाजून भरीत केलं, मक्याची कणसं भाजली. साडेनऊपर्यंत उजेड होता. दहानंतर सगळीकडे शांत राहायचा नियम, उरलेलं खाणं अस्वलांमुळे गाडीत बंद. तळ्यावरून लून पक्षी ओरडत होते, एक लांबून, दुसरा त्याला उत्तर देत. रेवा घाबरून बाबांच्या कुशीत शिरली. मी मनात म्हटलं, आई असती तर.

रात्री पावणेतीनला मला जाग आली. बाबांची जागा रिकामी, स्लीपिंग बॅगेची चेन पूर्ण उघडी, चपला नाहीत. वाटलं, बाथरूमला गेले असतील. दहा मिनिटं थांबले. मग बॅटरी घेऊन निघाले. बाथरूम आमच्यापासून फार तर दीडशे पावलं. तिथे दिवा होता, माणूस नव्हता. सुलू, हाक मारायची तरी कशी? चहूबाजूंनी लोक झोपलेले. मी हळू आवाजात "बाबा, बाबा" करत त्या गोल रस्त्याला एक फेरी मारली, मग दुसरी. तळं इतकं जवळ होतं की मी त्या बाजूला बॅटरी मारायचंच टाळत होते.

पार दुसऱ्या टोकाला, एका रिकाम्या जागेच्या बाकावर ते बसले होते. स्वेटर घातलेला, दोन्ही हात मांडीवर, बॅटरी बंद करून शेजारी ठेवलेली. सेल संपू नयेत म्हणून. डास चावून चावून कपाळ सुजलं होतं. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, "सगळे तंबू एकसारखे आहेत गं." एवढंच. मी म्हटलं, हो ना, मलाही कळत नाही. आणि आम्ही चालायला लागलो. अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी विचारलं, "आपला नंबर काय?" मी सांगितला. त्यांनी तो दोनदा मनाशी म्हटला. तंबूच्या दाराशी आल्यावर माझा दंड धरला आणि म्हणाले, "नंदूला सांगू नकोस."

हे लिहितानासुद्धा माझे हात गार पडलेत.

तू म्हणशील, परका देश, अंधार, एकसारखे तंबू, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, कुणीही चुकेल. मी पण सकाळपर्यंत हेच म्हणत होते. आणि सकाळी तर त्यांनी मला पूर्णच खोटं पाडलं. जेमतेम दोन तास झोपलेला माणूस, आणि उगमापाशी पोचल्यावर वर्ग सुरू! तिथे एका उभ्या ओंडक्यावर पिवळ्या अक्षरांत कोरलंय, समुद्रसपाटीपासून १४७५ फूट, इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत २५५२ मैल. बाबांनी तिथल्या तिथे किलोमीटर सांगितले, चार हजार शंभर. मग मिसुरी, ओहायओ, आर्कान्सा, रेड, उजव्या काठाच्या वेगळ्या, डाव्या काठाच्या वेगळ्या. इटास्का हे नाव लॅटिन 'वेरिटास कापुट', म्हणजे सत्य आणि शीर्ष, यातलं डोकं आणि शेपूट कापून केलंय, ते अर्णवला वाळूत काडीने लिहून दाखवलं. मधली अक्षरं राहिली तशी तो नाचायला लागला. पाटीवर १८३२ साल आणि स्कूलक्राफ्टचं नाव होतं. बाबा म्हणाले, "मी वर्गात शोध लावला असं शिकवायचो. चुकीचं शिकवलं. ओझाविंडिब नावाचा ओजिब्वे वाटाड्या त्याला इथे घेऊन आला. त्याच्या लोकांना हे तळं ठाऊकच होतं." मला म्हणाले, सुलभाला कळव, वहीत दुरुस्त करायला सांग. कळवलं बघ.

नदी तिथून निघते तेव्हा इतकीशी असते की लोक दगडांवरून पाय टाकत पलीकडे जातात. पँट वर करून बाबा मधोमध उभे राहिले, पाणी पोटरीपर्यंत. रेवाने विचारलं, नदीला दक्षिणेला जायचंय तर ती उत्तरेला का निघालीय, चुकली का? खरंच ती आधी उत्तरेला बेमिजीकडे जाते आणि मग वळते. बाबा हसून म्हणाले, नदी चुकत नाही, उतार असेल तिकडे जाते. मग ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखाखाली लावतात ना, तसंच. मी फोटो काढलाय, तुला पाठवते. त्यात ते आपले सर दिसतात, शंभर टक्के आपले सर.

तिथे मी स्वतःला सांगून टाकलं, काही नाही झालेलं.

दुपारी अर्णव तळ्याकाठी चपटे दगड पाण्यावर टप्पे देत उडवत होता. इतके छान दगड कुठे मिळाले, असं मी सहज विचारलं. म्हणाला, "काल संध्याकाळी रस्त्याच्या कडेला छोटी छोटी घरं होती, तीन-तीन दगडांची. आपल्या तंबूपासून बाथरूमपर्यंत. सगळी मीच गोळा केली."

सुलू, तीन दगड. खाली मोठा, वर मधला, वर लहान. वळणाच्या आत, उजव्या हाताला. कमळगडाच्या रानात नांदगण्याकडून चढताना आपण सगळ्या मुली मोजत चालायचो ती खूण. त्यांनी ती उजेड असतानाच लावून ठेवली होती. म्हणजे आपण चुकणार हे त्यांना संध्याकाळीच माहीत होतं. कदाचित वाईतही माहीत असेल, विमानात बसतानाही माहीत असेल. आणि कुणाला एक शब्द न बोलता त्यांनी आपली सोय करून ठेवली, आणि ती नातवाने खेळात मोडली.

मी अर्णवला काही बोलले नाही. विनयलाही नाही. मी भांडी घासायच्या नळापाशी गेले आणि नळ सोडून रडले.

संध्याकाळी उजेड असतानाच मी दगड गोळा केले आणि मुलांना सांगितलं, हे पहारेकरी आहेत, यांना हात लावायचा नाही. बाथरूमपर्यंत अकरा खुणा लावल्या. बाबा बाकावर बसून बघत होते. सातव्या खुणेपाशी आले, वाकले, माझा वरचा दगड हलत होता तो काढला, फिरवून पुन्हा बसवला आणि परत गेले. त्या रात्री ते दोनदा उठले आणि दोनदा नीट परत आले. मी डोळे मिटून पावलं मोजत पडले होते.

आता माझा प्रश्न. १७ ऑगस्टचं त्यांचं परतीचं तिकीट आहे. गणपतीच्या आधी वाईत पोचायचंच म्हणतात. थांबा म्हटलं की "लेकीकडे किती राहायचं" हे ठरलेलं. घरात एकटे. जिना, गॅस, घाटाच्या पायऱ्या, पावसाळ्यातली कृष्णा. नंदूदादाला सांगितलं तर मला माहितेय काय होईल, दुसऱ्या दिवशी तो पुण्याहून येऊन घराला कुलूप लावेल आणि बाबांना त्याच्या नवव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. त्याचंही चूक नाही. पण बाबा तिथे महिनाभरात विझतील. नाही सांगितलं आणि काही झालं, तर मी कुठल्या तोंडाने उभी राहू? इथे तपासण्या करायच्या तर पाहुण्यांच्या विम्यात असलं काही बसत नाही. वाचलंय की बी-१२ कमी असलं तरी असं विसरायला होतं, आणि बाबा जन्माचे शाकाहारी. मी त्या बी-१२ ला चार दिवस घट्ट धरून बसलेय.

आणि आता तुझ्याबद्दल. आईने तुला सांगितलं होतं, माधूला कळवू नकोस, तिची नोकरी नवीन आहे, मुलं लहान आहेत. तू तिचा शब्द पाळलास. मी पोचले तेव्हा आई बोलत नव्हती. तेराव्याला अंगणात सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, तू माझी आई माझ्यापासून चोरलीस. तू उलट काही बोलली नाहीस, पानं वाढत राहिलीस. दीड वर्ष मी माझं बरोबर धरून बसले. शुक्रवारी रात्री बाबांनी दंड धरला तेव्हा मी "नाही सांगणार" म्हटलं, क्षणभरही विचार न करता. दुसरं काही म्हणताच आलं नसतं. तुलाही आलं नसेल. माझं चुकलं, सुलू. मला क्षमा कर.

कमळगडावर करवंदांपायी आपण दोघी मागे राहिलो आणि अंधार पडला, ते आठवतं? बाबा हाका मारत परत आले. तुझ्या फ्रॉकचा ओटा करवंदांनी भरलेला, तोंड जांभळं आणि रडणं चालू, तरी एक करवंद खाली पडू दिलं नव्हतंस! तू म्हणालीस, सर, आईला सांगू नका. त्यांनी ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही नाही.

मुग्धाच्या अॅडमिशनचं काय झालं? पुणं मिळालं की कराड? शिरीषभाऊजींची बदली टळली असं दादाकडून कळलं, बरं झालं. तुझा गुडघा दाखवलास का? सगळं लिही, मी नीट वाचीन.

एक काम आहे. घराची किल्ली तुझ्याकडेच आहे, तुळशीला पाणी घालायला जातेस तेव्हा जरा बघ. गॅसच्या वर, दाराच्या मागे, कॅलेंडरवर, त्यांच्या टेबलाच्या खणात. कुठे चिठ्ठ्या आहेत का, नंबर लिहून ठेवलेत का. घाटाकडून घराकडे येणाऱ्या बोळात उजव्या हाताला भिंतीच्या कडेनेही बघ. आणि आठवून सांग, ते इकडे यायच्या आधी तुला काही जाणवलं होतं का. त्यांनी तुलाही "माधूला सांगू नकोस" म्हटलं असेल, तर तेवढंच लिही की म्हटलंय. पुढचं मी विचारणार नाही.

बाबा उठलेत. पॅसेजमधला दिवा लागला. जाते.

तुझी,
माधू